डायनासोर पराठा आणि तोंडल्याच्या दोन काचऱ्या

गेल्या वर्षी शाळा सुरू होण्याच्या तोंडावर माझे उजवे मनगट मोडले आणि पहिलीत जाणाऱ्या नातवाचा डबा करण्याचे माझे काम सहा आठवड्यांसाठी प्लास्टरमध्ये अडकले. मुलगा आणि सून दोघेही सकाळी सातला पार्ले स्थानकाची वाट धरतात, त्यामुळे घरात रीतसर चर्चा होऊन शाळेत डबा पोचवणारी एक सेवा तीन महिन्यांसाठी लावायचे ठरले. ही सेवा साधी खानावळ नव्हती. ‘खाण्याच्या बाबतीत चोखंदळ असलेल्या मुलांना पौष्टिक खायला शिकवणारा डबा’ अशी तिची जाहिरात होती, आणि आम्ही भुललो ते त्यातल्या ‘शिकवणारा’ या शब्दाला. तीस वर्षे प्राथमिक शाळेत शिकवल्यामुळे शिकवण्याचा दावा कोणी केला की तो तपासून पाहण्याची मला खोड आहे. प्लास्टरमधल्या हाताला दुसरे कामही नव्हते. म्हणून मी डाव्या हाताने एक वही घातली आणि डब्यातून काय गेले व काय परत आले याची रोज नोंद ठेवली. हे परीक्षण त्या वहीवरून लिहिले आहे.

सेवेचे नाव मी येथे देत नाही. दोन बहिणी आपल्या घरच्या स्वयंपाकघरातून ती चालवतात, पुढे काही तक्रारी येणार आहेत, आणि अशा सेवा आता दादरपासून बोरिवलीपर्यंत आणि मुलुंडपासून डोंबिवलीपर्यंत सगळीकडे निघाल्या असून त्यांचा आराखडा बहुधा सारखाच असतो. तेव्हा वाचकाला नावापेक्षा आराखड्याचाच उपयोग अधिक होईल.

आधी गिऱ्हाइकाची ओळख. आमचा नातू सहा वर्षांचा आहे. वरण-भात-तूप, तूप-साखर-पोळी, बटाट्याची पिवळी भाजी, केळे आणि बिस्कीट हे त्याचे पंचपक्वान्न. हिरवे काहीही दिसले की हात आखडतो. पोह्यांतली कोथिंबीर तो एकेक पान वेचतो आणि बशीच्या कडेला ओळीने लावून ठेवतो; त्या ओळीतला नेटकेपणा पाहून मला राग येण्याऐवजी हसू येते. बिस्किटाविरुद्ध बोलण्याचा पार्लेकरांना नैतिक अधिकारही फारसा नाही. १९२९ साली सुरू झालेला आणि २०१६ साली बंद पडलेला इथला कारखाना चालू असताना संध्याकाळी सगळ्या पूर्व भागात गोड भाजका वास पसरत असे, आणि माझा मुलगा त्याच वासात लहानाचा मोठा झाला. बालरोगतज्ज्ञांनी नातवाचे वजन आणि उंची पाहून काळजीचे कारण नसल्याचे सांगितले होते. साधारण दुसऱ्या ते सहाव्या वर्षापर्यंत अनोळखी अन्न नाकारणे हा वाढीचाच एक भाग असतो, आणि कडू चव मुलांच्या जिभेला मोठ्यांपेक्षा अधिक बोचते, हेही त्यांनी समजावले. तरीही काळजी सुटत नाही. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांपैकी ६८.९ टक्के मुलांत रक्तक्षय आढळला होता, आणि असे आकडे एकदा वाचले की वेचलेल्या कोथिंबिरीकडे पाहण्याची नजर बदलते.

सेवेचे स्वरूप असे. महिन्याला बावीस डबे, किंमत ३,३०० रुपये, म्हणजे डब्यामागे दीडशे रुपये. शिवाय स्टीलच्या डब्यासाठी चारशे रुपये अनामत. दर रविवारी संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर आठवड्याची यादी येते. डबा शाळेच्या फाटकाशी मधल्या सुट्टीच्या आधी पोचतो आणि शाळा सुटताना मूल तो परत घरी आणते. घरून धुऊन तो दुसऱ्या दिवशी सकाळी पोचवणाऱ्या माणसाकडे द्यायचा. आत दोन कप्पे आणि शिवाय लोणच्याच्या डबीएवढी झाकणाची एक छोटी गोल डबी. या डबीबद्दल पुढे बरेच सांगायचे आहे, कारण जाहिरातीत तिचा उल्लेख सर्वांत शेवटी आणि सर्वांत बारीक अक्षरात होता.

पोचवण्याच्या कामात खोट काढण्यासारखे फार नाही. १८९० पासून डबे वाहणाऱ्या या शहरात डबा वेळेवर येणे ही कौतुकाची बाब मानू नये, तरी पार्ल्याच्या अरुंद रस्त्यांवरून जून-जुलैच्या पावसात एखाद्या माणसाने स्कूटरवरून वीस डबे कोरडे पोचवावेत, हे नोंदवायला हवे. एकदाच, पाणी तुंबले त्या दिवशी, डबा मधली सुट्टी संपल्यावर पोचला आणि नातवाने मित्राच्या बिस्किटांवर भागवले. त्याच्या दृष्टीने तो दिवस फार चांगला गेला. पैशांच्या हिशेबात मात्र मला तक्रार आहे. आम्ही ६६ डब्यांचे पैसे भरले आणि ५८ डबे आले. गणपतीच्या पाच सुट्ट्यांचे पैसे परत मिळाले, पण अतिवृष्टीमुळे शाळा बंद राहिल्या त्या तीन दिवसांचे मिळाले नाहीत. सामान आणून झालेले असते, असे उत्तर मिळाले. ते मला समजते. मग तशी अट आधीच लिहून द्यावी.

स्वच्छतेबद्दल समाधान आहे. अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा चौदा अंकी नोंदणी क्रमांक त्यांच्या पावतीवर होता, आणि मी मुद्दाम जाऊन स्वयंपाकघर पाहिले तेव्हा कोणी कुरकुर केली नाही. तेल एकदाच वापरतात. अन्न खरोखर घरचे लागते.

आता मुख्य विषय, म्हणजे डब्यातले पदार्थ. पहिल्या आठवड्याची यादी मी वहीत उतरवून घेतली होती: सोमवारी डायनासोर पराठा, मंगळवारी जादूचे चॉकलेट पॅनकेक, बुधवारी रुबी कटलेट, गुरुवारी सोनेरी पास्ता, शुक्रवारी इंद्रधनुष्य इडली. पालकांसाठी प्रत्येक नावाखाली खुलासा होता. डायनासोर पराठ्यात पालक वाटून घातलेला, पॅनकेक नाचणीचे आणि खजूर-गुळाचे, कटलेटमध्ये बीट, पास्त्याच्या सॉसमध्ये लाल भोपळा, इडलीत गाजर. खुलाशाखाली ठळक अक्षरांत सूचना: ‘कृपया मुलांना घटक सांगू नयेत.’

पहिले तीन आठवडे घरात उत्सवच होता. डबा रिकामा येई. सूनबाई कार्यालयातून फोन करून विचारत, “आई, आज काय झालं?” आणि मी वहीत पाहून सांगे, “सगळं संपलं.” पालक, बीट, भोपळा, नाचणी अशी नावे आपल्या घरात सहा वर्षांत जेवढी उच्चारली गेली नव्हती तेवढी त्या तीन आठवड्यांत आनंदाने उच्चारली गेली, अर्थात मूल झोपल्यावर.

भाज्या लपवणे हा प्रकार सरसकट वाईट आहे, असे मी म्हणणार नाही. अमेरिकेत बार्बरा रोल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात तीन ते पाच वर्षांच्या मुलांच्या नेहमीच्या पदार्थांत भाज्या वाटून मिसळल्या, तेव्हा मुलांच्या पोटात गेलेल्या भाज्यांचे प्रमाण खरोखर वाढले होते. म्हणजे पोटाच्या हिशेबाने ही युक्ती चालते. मात्र त्या हिशेबालाही मर्यादा आहेत, आणि त्या या सेवेच्या यादीत कोठेही दिसत नाहीत. ‘रक्तवर्धक’ म्हणून ज्या पराठ्याचे वर्णन केले होते त्यात, बहिणींनीच सांगितलेल्या मापाप्रमाणे, माणशी वीस ग्रॅम पालक असतो. शंभर ग्रॅम पालकात लोह सुमारे तीन मिलिग्रॅम. म्हणजे पराठ्यातून आले जेमतेम अर्ध्या मिलिग्रॅमच्या वर, आणि सहा वर्षांच्या मुलाची दिवसाची शिफारस अकरा मिलिग्रॅमची. त्यातही वनस्पतीतले लोह शरीर कमीच शोषते, आणि त्याला मदत करणारी लिंबाची फोड डब्यात एकदाही नव्हती. वाटली डाळ, मटकीची उसळ किंवा हरभऱ्याची भाजी याहून अधिक उपकार करते. नाचणीचे पॅनकेक त्या मानाने प्रामाणिक होते. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असते, तेव्हा तीस ग्रॅम पिठाच्या दोन पॅनकेकमधून शंभरच्या आसपास मिळते, आणि साडेपाचशेच्या गरजेत ही भर नगण्य नाही.

पण त्याच पॅनकेकमधल्या गोडाबद्दल बोलायला हवे. यादीत त्यांच्यापुढे ‘साखर नाही’ असे लिहिलेले असे आणि ते शब्दशः खरे होते. साखरेच्या जागी गूळ आणि खजुराचा पाक होता. मापाबद्दल विचारले तेव्हा एका डब्यात गूळच चार चमचे असल्याचे कळले. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या तक्त्याप्रमाणे या वयाच्या मुलाला दिवसाला सुमारे १,३६० किलोकॅलरी लागतात, आणि वरून घातलेली साखर एकूण ऊर्जेच्या दहा टक्क्यांच्या आत, शक्यतो पाच टक्क्यांच्याही आत असावी असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. दहा टक्के म्हणजे साधारण ३४ ग्रॅम, चहाचे सात-आठ चमचे. त्यांतले निम्मे मधल्या सुट्टीतच संपले, आणि शरीराच्या दृष्टीने गूळ ही साखरच. ‘पौष्टिक’ हा शब्द आपल्याकडे फार स्वस्त झाला आहे. दुधात घालायच्या पुडींना ‘हेल्थ ड्रिंक’ म्हणण्यासाठी २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यात अशी व्याख्याच नाही, आणि एप्रिल २०२४ मध्ये केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्री करणाऱ्या संकेतस्थळांना अशी पेये त्या वर्गातून काढायला सांगितले, तेव्हा कोठे आमच्या घरातला तो डबा फडताळाच्या वरच्या फळीवर गेला. तीच गोष्ट पॅनकेकच्या रूपाने खालच्या फळीवर परत आली, एवढेच.

चौथ्या आठवड्यात एका शनिवारी नातवाला घेऊन मी स्टेशनजवळच्या बाजारात गेले. माझा हात झोळीत, म्हणून पिशवी त्याच्याकडे. भाजीवाल्या मावशींसमोर मी त्याला म्हटले, “पालकाची जुडी उचल बघू.” तो बराच वेळ पाहत राहिला, आणि मग त्याने मोठ्या आत्मविश्वासाने मेथी उचलली. महिनाभर तो दर सोमवारी पालक खात होता. त्याला पालकाचे रूप माहीत नव्हते, वास माहीत नव्हता, आणि त्या दिवशी रात्री दाणे आणि हरभऱ्याची डाळ घातलेली पालकाची पातळ भाजी सूनबाईंनी वाटीत वाढली तेव्हा त्याने वाटी दोन बोटांनी दूर सरकवली. शाळेत मुलाला उत्तर सांगून ते वहीत लिहून घेतले तर वही भरते; मी वर्षानुवर्षे इतर शिक्षकांच्या अशा भरलेल्या वह्या पाहून नाराज होत आले आणि आता माझ्याच घरी तशी वही भरत होती.

याहून वाईट प्रसंग पुढच्या बुधवारी घडला. रुबी कटलेटमधले बीट नेहमी उकडून एकजीव केलेले असे; त्या दिवशी घाईत किसाचा एक धागा तसाच राहिला. नातू घरी आला, दप्तर टाकले, आणि डबा माझ्यासमोर उघडून त्याने तो लालजांभळा धागा मला दाखवला. कटलेट एका बाजूने खाल्लेले होते.

“आजी, ह्यात बीट होतं. तुला माहीत होतं?”

मला माहीत होते. रविवारपासून माहीत होते. मी काहीतरी पुटपुटले, आणि त्याला जे समजायचे ते समजले. त्यानंतर रुबी कटलेट गेलेच, पण कटलेट या जातीवरचा त्याचा विश्वासही गेला, मग पराठे मधोमध फाडून उजेडात धरले जाऊ लागले, आणि जुलैअखेर तर घरच्या साध्या पांढऱ्या इडलीलाही “ह्यात काय घातलंय?” असा प्रश्न येऊ लागला. सेवेने लपवले, आणि त्याची झळ माझ्या ताटाला लागली. मी बहिणींना फोन केला. त्यांतली मोठी प्रांजळपणे म्हणाली, “काकू, डबा रिकामा आला की पालक खूश होतात. भरलेला आला की दुसऱ्या महिन्यात पैसे भरत नाहीत. आम्ही तरी काय करावं?” या उत्तरात मला त्यांचा दोष कमी आणि आम्हा गिऱ्हाइकांचा जास्त दिसला.

रिकाम्या डब्याचे हे वेड त्यांनी एका योजनेतही उतरवले होते. डबा रिकामा दिसला की मुलाच्या कार्डावर चांदणी चिकटवायची, आणि दहा चांदण्या झाल्या की एक खेळणे. दोन महिन्यांत आमच्याकडे दोन प्लास्टिकचे बेडूक आले. नंतर कळले की, पराठ्याचा अर्धा भाग बाकावरच्या मित्राच्या पोटात जात होता आणि चांदणी मात्र आमच्या कार्डावर चढत होती. बक्षिसाबद्दल शिक्षकांत जुना वाद आहे आणि संशोधनही दोन्हीकडे बोलते. लिअॅन बर्च यांनी १९८० च्या दशकात दाखवले की, बक्षिसासाठी एखादा पदार्थ खायला लावला तर मुलांची त्या पदार्थाची आवड उलट घटते. पुढे २०११ मध्ये लूसी कुक आणि त्यांच्या लंडनच्या सहकाऱ्यांना आढळले की, न आवडणाऱ्या भाजीचा लहानसा घास चाखल्याबद्दल चिकटचित्र दिले तर नुकसान होत नाही, फायदाच होतो. फरक कशासाठी देतो यात असावा. चाखण्यासाठी दिलेली चांदणी मी समजू शकते. डबा रिकामा करण्याची चांदणी मुलाला डबा रिकामा करायला शिकवते, आणि तो कसा करावा हे मुले स्वतः शोधून काढतात.

आता ती छोटी डबी. तिच्यात पंधरा दिवस एकच भाजी असे, दोनच तुकडे, आणि ती भाजी म्हणूनच दिसेल अशी. आधी गाजराच्या दोन चकत्या, मग काकडी, जुलैच्या उत्तरार्धात तोंडल्याच्या दोन कुरकुरीत काचऱ्या, नंतर भेंडी, शेवटी दुधीच्या फोडी. सोबतच्या चिठ्ठीवर एकच नियम होता: या डबीबद्दल मुलाला काहीही विचारू नये, कौतुकही करू नये, परत आली तर मुकाट्याने रिकामी करावी. गाजर-काकडीचे पंधरवडे मी फारसे मनावर घेतले नाहीत, कारण ती त्याने पूर्वीही कधी तरी खाल्ली होती. तोंडले त्याने जन्मात खाल्ले नव्हते.

वहीतल्या नोंदी अशा आहेत. पहिला दिवस: दोन गेल्या, दोन आल्या. दुसरा, तिसरा, चौथा: तसेच. पाचव्या दिवशी माझ्यातली शिक्षिका जागी झाली आणि मी विचारले, “तोंडलं कसं लागलं रे?” त्याने डबी बंद केली. सहाव्या दिवशी तो डबी शाळेतच विसरून आला. मुद्दाम, असा माझा संशय. सातवा: दोन गेल्या, दोन आल्या. आठव्या दिवशी एका काचरीला अर्धवर्तुळाकार दाताची खूण होती, दुधाच्या दाताची, बारीक. मी ती काचरी खिडकीशी नेऊन पाहिली. एखाद्या पुराणवस्तू संशोधकाला शिलालेख सापडावा तसे मला झाले, पण नियमाप्रमाणे मी एक शब्दही उच्चारला नाही. नवव्या दिवशी एकच काचरी परत आली. दहाव्या दिवशी डबी रिकामी.

हे घडले कसे, ते त्याने आपण होऊन दोन दिवसांनी सांगितले. बाकावरच्या त्याच मित्राने सातव्या दिवशी डबीतली एक काचरी उचलून कडकड खाल्ली, “वेफर्ससारखी आहे,” म्हणाला, आणि मग माझ्या नातवाला आपल्या मालाची किंमत कळली. (सातव्या दिवशी दोन्ही काचऱ्या परत आल्याची माझी नोंद आहे, तेव्हा मित्राने ती आठव्या दिवशी खाल्ली असावी आणि एक काचरी मोडून दोन झाल्या असाव्यात, किंवा पहिलीतल्या मुलांचा कालक्रम तसाच असतो.) शेजारचे मूल जे आवडीने खाते ते आपणही खाऊन पाहणे, ही गोष्टही बर्च यांनी बालवाडीतल्या मुलांत १९८० सालीच नोंदवली होती. त्यांच्याच आणखी एका प्रयोगातून कळते की, पदार्थ नुसता पाहून त्याची चव आवडू लागत नाही, तो पुन्हा पुन्हा जिभेवर यावा लागतो, आणि त्याला आठ-दहा, कधी पंधरा वेळाही लागू शकतात. आपण घरी तिसऱ्या वेळेला हात टेकतो. मी स्वतः माझ्या मुलाच्या वेळी दुसऱ्यालाच टेकले होते. तो आजही पडवळ खात नाही.

म्हणजे या सेवेत एकाच डब्यात दोन परस्परविरुद्ध विचार शेजारी शेजारी बसले आहेत. मोठ्या कप्प्यात भाजीचे नाव लपवायचे आणि छोट्या डबीत तीच भाजी उघडी ठेवायची. बहिणींनी जाहिरात केली ती पहिल्या विचाराची, आणि त्यांच्या हातून खरे काम झाले ते दुसऱ्याने. पहिल्या विचाराची आपल्या स्वयंपाकाला सवयही नाही. आपणही दुधी किसून थालीपिठात घालतो, पण त्याला दुधीचे थालीपीठ म्हणतो आणि त्यातले हिरवे धागे कोणापासून लपवत नाही. पालकाच्या पुऱ्या, भोपळ्याचे घारगे, कोथिंबिरीच्या वड्या: आपले पदार्थ आपल्या पोटातले घटक नावातच सांगून मोकळे होतात. खाणाऱ्याने ठरवावे. डायनासोर पराठ्याचे नाव ‘पालक पराठा’ ठेवले असते आणि तो डायनासोरच्याच साच्यात कापला असता, तरी माझी हरकत नव्हती.

प्लास्टर निघाल्यावर हाताला व्यायाम म्हणून वैद्यकीय सल्ल्याने मी कणीक मळू लागले, आणि नातवाला किसणीसमोर बसवले. दुधीचा मोठा तुकडा, बोटे जपून. किसता किसता त्याने दुधीचा कच्चा कीस नाकाशी नेला, “वासच नाही येत,” असा शेरा दिला आणि थालीपीठ लोण्याबरोबर अर्धे खाल्ले. उरलेले अर्धे ताटात राहिले; मी काही बोलले नाही. काय वाढायचे आणि केव्हा वाढायचे ते मोठ्यांनी ठरवावे, किती खायचे ते मुलाने, ही एलिन सॅटर या आहारतज्ज्ञांची विभागणी मी वाचलेली होती, पण ती पाळताना तोंड बंद ठेवणे किती अवघड असते ते त्या अर्ध्या थालीपिठासमोर कळले.

सप्टेंबरच्या मध्याला मुदत संपली तेव्हा मी बहिणींना विचारले की, नुसती छोटी डबी लावता येईल का, डबा आम्ही घरून देऊ. धाकटी हसली. दोन काचऱ्यांसाठी स्कूटर पाठवणे परवडत नाही, हे तिचे म्हणणे योग्यच होते. मात्र आमच्यानंतर यादीत एक बदल झाल्याचे शेजारच्यांकडून कळले: नावांखालचे घटक आता मुलांच्या कार्डावरही छापतात. गूळ किती, ते अजून छापत नाहीत.

कोणाला ही सेवा उपयोगी पडेल? ज्या घरात सकाळी कोणाच्याच हाताला सवड नाही, आणि अन्यथा डब्यात रोज जॅम-ब्रेड किंवा विकतचे नूडल्स जाणार आहेत, त्या घराने दीडशे रुपये जरूर खर्चावेत. अन्न ताजे, स्वच्छ आणि चवदार आहे, आणि वाटलेला का होईना, भाजीचा अंश पोटात जातो. चांदणीचे कार्ड पहिल्याच दिवशी नाकारावे. गोड पदार्थांचा दिवस बदलून मागावा, तो ते बदलून देतात. लावताना छोटी डबी आहे का आणि तिच्यात एकच भाजी किती दिवस राहते, हे मात्र आवर्जून विचारावे. काही ठिकाणी ती रोज बदलतात, आणि मग मुलाला ओळख होण्याआधीच पाहुणा निघून जातो. ज्या घरात डबा करायला कोणी आहे त्याने ३,३०० रुपये वाचवावेत. पाचांपैकी गुण द्यायचेच असतील तर अन्नाला चार, वेळेला चार, हिशेबाला दोन, आणि ‘शिकवणारा’ या शब्दाला अडीच, तेही डबीमुळे.

आम्ही बाजारातल्या भांड्यांच्या दुकानातून साठ रुपयांची स्टीलची डबी आणली आहे. या पंधरवड्यात तिच्यात घेवडा जातो. आजचा सहावा दिवस, दोन गेल्या, दोन आल्या. अनामतीच्या चारशेपैकी साडेतीनशे रुपये परत मिळाले. पन्नास रुपये छोट्या डबीच्या हरवलेल्या झाकणाचे कापले, आणि ते झाकण परवा केर काढताना नातवाच्या पलंगाखाली, दोन बेडकांशेजारी सापडले.